व्हय म्हणायचं राहून गेलं

आमच्या गावात एक इतिहास मंडळ आहे. सभासद सात. मालमत्ता म्हणजे शाळेमागची एक रिकामी खोली आणि तिच्यात एक उखळ, पावसात डोक्यावरून घ्यायची दोन इरली, एक मोडका लाकडी नांगर आणि एक पितळी घंटा. ही घंटा नक्की कुठली, यावरून दोन सभासद अजून एकमेकांशी बोलत नाहीत. अध्यक्ष निवृत्त शिक्षिका आहेत, सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. मी सचिव. माझी पात्रता दोन गोष्टींची. लांज्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि तरुणपणी मी नमनाच्या खेळात गवळण होऊन नाचायचो. बाईंच्या मते पहिली गोष्ट मंडळाच्या उपयोगाची. माझ्या मते दुसरी.

गेल्या मे महिन्यात आम्ही ठरवलं की गावच्या देवळातल्या गुरवकाकांचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करायचं. कुणाचं दुखणं असो, मुलाची नोकरी असो की हरवलेली म्हैस, गावातला माणूस देवापुढे नारळ ठेवतो आणि त्याच्या वतीने देवाकडे मागणं मागतात ते गुरवकाका. पण थेट मागत नाहीत. आधी ते उभ्या जागी तोंडाने गावाची हद्द फिरून येतात. प्रत्येक पऱ्या म्हणजे ओढा, प्रत्येक सडा म्हणजे कातळाचं पठार, प्रत्येक वाडीचा राखणदार देव, एकेकाला हाक मारून साक्षीला बोलावतात. त्यात कुंभारवाडीसुद्धा येते. तिथे आज काजूंशिवाय कुणी राहत नाही. ही नावं कुठल्याच कागदावर नाहीत, आणि काकांच्या मागे ती म्हणणारं कुणी नाही.

घाई एवढ्यासाठी की रविवारी काकांचा मुलगा मुंबईहून येणार होता. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायला काका-काकी दोघांना घेऊन जाणार आणि मग तिकडेच ठेवणार, असं त्याने फोनवर सांगितलं होतं.

रेकॉर्डिंगची सगळी व्यवस्था मी माझ्या अंगावर घेतली, आणि अंगावर घेतली म्हणजे अंगात आणली. खोलीच्या खिडक्या बंद केल्या. पंखा बंद केला. शाळेच्या आवारातल्या कोंबड्या स्वतः हाकलल्या. पुठ्ठ्यावर ‘शांतता’ असं लिहून दारावर टांगलं, आणि सभासदांना दटावून सांगितलं, “शिंक आली तरी गिळायची.” काका प्लास्टिकच्या खुर्चीवर, समोर टेबलावर नारळ, नारळाशेजारी मोबाइल. मी हात वर केला आणि पडदा उघडल्यासारखा खाली आणला.

“बा देवा म्हाराजा,” काकांनी सुरुवात केली, “आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्याम्होरं नारळ ठेवलाय…”

आणि थांबले. आमच्याकडे बघू लागले. आम्ही सातही जण माना डोलावून प्रोत्साहन देत होतो. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबले. एका सभासदाचं तोंड उघडल्यासारखं वाटलं, तर मी ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे असे डोळे वटारले की बिचाऱ्याने श्वासही बंद केला. तिसऱ्या वेळी काकांचा आवाज पहिल्या वाक्यातच कापला.

“मना म्होरलं काय आठवना,” ते म्हणाले. “डोसकं गेलं माझं.”

काठी घेऊन उठले आणि घामाने भिजलेले तसेच चालू पडले. बाई म्हणाल्या, “वय झालं हो.” मीही मान हलवली. त्याची आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काका मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. काकी अंगणात आमसुलं उलटत होत्या.

“कालपासनं जेवले नायत,” काकी म्हणाल्या. “देवानं वाचा काढून घेतली म्हनतात. काय केलात तुमी त्यांना?”

“काही नाही हो काकी. आम्ही तर हूं की चूं केलं नाही.”

त्यांचा हात थांबला. “म्हंजे? व्हय म्हाराजा कोन म्हनलं?”

माझ्या डोळ्यांपुढे तो ‘शांतता’चा पुठ्ठा आला.

“मेल्या, सात जनं बसलाव आनि एकानं व्हय म्हनलं नाय? मग ते म्होरं कसे जातील?”

मी तिथे आमसुलांच्या मध्येच बसलो. गाऱ्हाण्यातल्या दर वाक्यानंतर सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं असतं. हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत आहे. आईच्या कडेवर बसून मी ते ओरडलेलो आहे. देवळात असतो तर न सांगता तोंडातून निघालं असतं. पण त्या खोलीत आम्ही इतिहासकार होऊन बसलो होतो. काकांनाही कारण कळलं नाही, कारण अख्ख्या आयुष्यात त्यांना व्हय म्हणायला कुणी चुकलंच नव्हतं.

काका पडवीतून ऐकत होते. आतून आवाज आला, “वाईच च्या ठेव गं.”

शनिवारी आम्ही देवळात जमलो. या वेळी पुठ्ठा नाही. अर्धी वाडी आली, कोंबड्या आल्या, देवळाला लागून असलेल्या घरातला कुकर शिट्ट्या देत होता. काका उभे राहिले आणि मला विचारलं, “नारळ कोनाचा? मागनं काय? देवाम्होरं खोटं गाऱ्हानं मी घालनार नाय.”

“माझा नारळ,” मी म्हणालो. “मागणं असं, की आमच्या गुरवकाकांचे डोळे बरे व्हावेत. आणि बरे झाले की त्यांनी स्वतः इथे येऊन, स्वतःच्या हाताने पाच नारळ द्यावेत.”

काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. अधू डोळ्यांनीही मला बरोबर ओळखलं होतं. बाई हळूच म्हणाल्या, “अहो, हे काय?” पण तोवर लोकांनी छप्पर हलवलं होतं: “व्हय म्हाराजा!”

मग काका सुटले. पऱ्यावरून सड्यावर, सड्यावरून कुंभारवाडीत, एकही जागा न चुकता. दर वाक्याला आमचा हुंकार. मागण्यापाशी आले तेव्हा मात्र थबकले. जन्मभर दुसऱ्यांसाठी मागितलेलं, स्वतःचं नाव तिथे कसं घ्यायचं ते त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, “ह्यो तुझा गुरव… त्येला परत आन, म्हाराजा.”

व्हय म्हणताना माझाच आवाज फुटला. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. कुकरची शिट्टी कापून टाकू, असं बाई म्हणत होत्या. मी कापू दिली नाही.

रविवारी मुलाने गाडी आणली. काका खिडकीशी बसले आणि मला बोटाने जवळ बोलावलं.

“फशिवलंस रे मना,” ते म्हणाले. “आता यायला लागंल.”

पुढच्या सीटवर मुलाने गाडी सुरू केली. काकींनी मात्र पदराआड हसू लपवलं आणि माझ्याकडे ठेवायला काढलेली घराची किल्ली पुन्हा कमरेला खोचली.