आत्याला ‘पास’ मंजूर नाही

हरणं ही गोष्ट आपल्यासाठी नाहीच, असं ठाम मानणारी जगात एकच बाई असेल तर ती माझी आत्या. चारकोपच्या तिच्या घराची बेल वाजवली की दार उघडण्याआधी आतून प्रश्न यायचा. कुठल्या तरी देशाची राजधानी, नाहीतर जुन्या सिनेमातला अर्धा संवाद. उरलेला आपण पुरा करायचा. गॅसवालाही त्यातून सुटला नव्हता. बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन मंगोलियाची राजधानी आठवत उभा राहायचा. भाजीवालीशी घासाघीस ती खलनायकांच्या आवाजात करायची, आणि यमकाची कोडी तर तिची खास जहागीर. ‘भिंतीत असते, वारा देते, गिरकीशी जुळते, सांग काय?’ ‘खिडकी’ म्हणायला उशीर झाला की चहाही उशिरा.

एकदा घाटकोपरच्या एका स्पर्धेत परीक्षकांनी तिचं उत्तर चूक ठरवलं, तर ही मंचावरून उतरेचना. त्यांनी खाली बसायची विनंती केली, तेव्हा ती त्यांच्याच खुर्चीत बसली. शेवटी कुणीतरी नकाशा आणला आणि त्यात आत्याच चूक निघाली. तिने नकाशा नीट पाहिला आणि म्हणाली, “जुना आहे.”

गेल्या वर्षी तिला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बचावले, शब्द गेले. सगळं कळायचं, पण ओठांवर काही यायचं नाही. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंनी एकदा तिला छत्रीचं चित्र दाखवलं. आत्या त्याच्याकडे रागाने बघत राहिली. मग म्हणाली, “पत्री.” शेजारी उभ्या काकांनी, तिच्या यजमानांनी, तोंड फिरवलं. “मंत्री,” आत्या म्हणाली. “रात्री.” आणि मग पलंगाच्या दांड्यावर हात आपटून, “छत्री.” बाई काकांकडे बघत राहिल्या आणि काका खिडकीबाहेर. तेव्हापासून यमकाचा दोर धरून ती एकेक शब्द विहिरीतून वर काढू लागली.

सोसायटीच्या गणपतीतली प्रश्नमंजूषा दरवर्षी तीच घ्यायची. सेक्रेटरी भला माणूस. घरी येऊन म्हणाला, यंदा मुलं मोबाइलवर घेतील, आत्यांनी पुढच्या रांगेत आरामात बसावं. आत्याने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माइक.” एका फटक्यात, यमकाशिवाय.

प्रश्नमंजूषेच्या संध्याकाळी मंडपात उत्तराआधी प्रश्नच ओळखावा लागत होता. “जगातला सगळ्यात मोठा,” इथवर येऊन ती अडकली. “फासा… ठसा…” सेक्रेटरीने हळूच माइककडे हात नेला. “गप ऱ्हव,” आत्या म्हणाली. माहेरची मालवणी कुठून आली कोण जाणे. मागून एका आजोबांनी “मासा” म्हटलं आणि प्रश्नालाच टाळ्या पडल्या. उत्तर विचारायचं राहूनच गेलं.

माझं नाव मात्र तिला अजून सापडलेलं नाही. परवा गेले तर माझा चेहरा निरखत म्हणाली, “सीता.” थोड्या वेळाने, “गीता.” मी नीता म्हणणार, तेवढ्यात तिने हात वर केला. कुणी उत्तर सांगितलेलं तिला चालत नाही. मग मी समोर बसून राहिले. काकांनी आणलेला चहा निवला, खाली मुलांचा खेळ मोडला, आणि आत्या माझा हात हातात धरून शोधत राहिली.