गुनवोर आणि भलतं तेल

गुनवोर एलोफसन पुस्तकगाडी चालवायची. उत्तर स्वीडनच्या त्या जंगलपट्टीत गाव म्हणजे चार-सहा घरं, मग कितीतरी वेळ नुसती झाडं, मग पुन्हा चार-सहा घरं. त्या सगळ्यांकडे नगरपालिकेचं वाचनालय चाकांवरून जायचं. आधी ती शाळेची बस चालवत असे. मुलं कमी होत गेली, शाळा बंद पडली आणि तिच्या हाती ही गाडी आली. "मुलं उतरली, पुस्तकं चढली, एवढंच," ती म्हणायची. "पुस्तकं निदान मागच्या सीटवर ओकत तरी नाहीत."

नवरा रूने ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. दोघांची गाठ घरापेक्षा रस्त्यावरच जास्त पडायची. तो समोरून यायचा, दिवे लुकलुकवायचा, ती हात वर करायची. तेवढ्यावर त्यांचा संसार छान चालला होता. मग रूनेला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, बोलणं शब्दा-दोन शब्दांवर आलं. रात्रीतून तीन-चारदा त्याला कुशीवर वळवावं लागे, आणि ते वळवणारी एकटी गुनवोर. नगरपालिकेची बाई घरी येऊन म्हणाली होती, "मदतनीस पाठवतो ना आम्ही. तुला थोडी उसंत मिळेल."

"माझा नवरा आहे तो," गुनवोर म्हणाली. "दुरुस्तीला टाकायची गाडी नाही."

बाई निघून गेली. त्यानंतर गुनवोर नीट झोपली अशी रात्र तिला आठवत नव्हती. दिवसा शेजारीण रूनेपाशी बसे, पण चारच्या ठोक्याला तिला आपल्या गाईंच्या धारा काढायला जावं लागे.

त्या मार्चमधल्या दिवशी सकाळीच रूनेच्या हातून खिरीचा वाडगा अंथरुणात सांडला होता. सगळं आवरून ती निघाली, ती डोळ्यांत वाळू घातल्यासारखी. ग्रानसेले गावाला पोचता पोचता तेलाचा दिवा पेटला. पूर्वी दुधाचे कॅन ठेवायचे त्या जुन्या फलाटाशी तिने गाडी लावली, इंजिन बंद केलं, जरा वेळ थांबून तेल मोजायची दांडी ओढून पाहिली. तेल कमीच होतं. मागच्या कप्प्यातून डबा काढला, झाकण उघडलं आणि ओतलं. डब्यावरची अक्षरं तिने पाहिली होती, वाचली मात्र नव्हती. झाकण घट्ट लावून डबा परत ठेवायला गेली तर कप्प्यात तसलाच दुसरा डबा. सील न फोडलेला. त्यावर लिहिलेलं होतं, इंजिन ऑइल.

हातातल्या डब्यातलं तेल व्हीलचेअर वर घेणाऱ्या पाळण्याचं होतं. हायड्रॉलिकचं.

ती बर्फात तशीच उभी राहिली. मग जाऊन आपल्या सीटवर बसली. एवढंसं तर गेलंय, कोणाला कळणार आहे? परत शहरापर्यंत तर जायचंय. तिने चावीला बोटं लावली. तीस वर्षं गाड्या चालवलेली बाई, आणि एवढी साधी गोष्ट चुकली. बोटं तिने परत घेतली आणि वर्कशॉपच्या तोर्गनीला फोन लावला.

"चालू केलीस का?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"नाही."

"चावीला हात?"

"लावला. फिरवली नाही."

"मग वाचलीस. आता त्या गाडीत बसून पुस्तक वाच, जप कर, काय वाटेल ते कर, पण इंजिन चालू करू नकोस. टोइंगचा ट्रक इथून निघायलाच दुपार होईल." मग तो म्हणाला, "गुनवोर, तुझ्याकडून कसं काय गं हे झालं?"

"मला ठाऊक असतं तर झालं असतं का?" ती खेकसली, आणि लगेच तिला वाईट वाटलं.

मग घरी फोन. शेजारणीने तो रूनेच्या कानाला धरला.

"रूने, मी इंजिनात पाळण्याचं तेल ओतलं."

पलीकडून घशातून काहीतरी खरवडत आलं. तिला वाटलं, ठसका लागला. पण तो हसत होता.

"गाढवीण," रूने म्हणाला. अगदी स्पष्ट.

"हो," ती म्हणाली. तिलाही हसू फुटलं, पण ते मध्येच कुठेतरी वळलं आणि तिला फोन ठेवावा लागला.

तेवढ्यात पायांनी ढकलायची घसरगाडी घेऊन हियोर्डिस आली. ऐंशी ओलांडलेली, ग्रानसेलेतली सगळ्यात जुनी वाचक. पुस्तकांची पिशवी पुढच्या बैठकीवर बांधलेली.

"काय गं, रडतेयस की थंडी वाजतेय?"

"भलतं तेल ओतलं मी इंजिनात."

"एवढंच? मी एकदा सासूच्या कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं होतं. तिने गुपचूप पिऊन टाकली आणि मला आयुष्यभर ऐकवलं." पुस्तकं उतरवता उतरवता हियोर्डिसने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू शेवटची झोपलीस कधी?"

गुनवोर नुसतेच डोळे चोळू लागली.

"आडवी हो. तिथे, मुलांच्या बाकावर. माणसं आली तर मी बघते."

"अगं, नोंदी करायच्या असतात, तुला ते..."

"माझ्या घरातून मी हाक मारली तर तुझे सगळे वाचक ओ देतात. कोण काय घेऊन पळणार आहे? झोप."

गाडीचा हीटर इंजिनाशिवाय चालत होता. गुनवोर गुडघे पोटाशी घेऊन त्या आखूड बाकावर पडली. झोपेत तिला दार उघडल्याचं कळत होतं, बूट झटकल्याचा आवाज, "श्श", कोणीतरी कुजबुजत विचारलेलं, "आजारी आहे का?" आणि हियोर्डिसचं, "नाही, दमलीय." तो शब्द तिने ऐकला. कोणी तिच्याबद्दल तो उघड म्हणाल्याचं तिने पहिल्यांदाच ऐकलं. अंगावर कोणाचा तरी लोकरी कोट आला, त्याला गोठ्याचा वास होता.

जाग आली तेव्हा दुपार कलली होती. चारला शेजारीण निघून जाणार, आणि आपण इथे. तिने फोन हातात घेतला, परत ठेवला, परत घेतला. शेवटी नगरपालिकेच्या त्या बाईचा नंबर लावला. "आज संध्याकाळी," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य जुळवायला तिला वेळ लागला. "आज संध्याकाळी कोणी येऊ शकेल का?"

"येईल," बाई म्हणाली. मागच्या नकाराबद्दल तिने एक शब्दही काढला नाही.

टोइंगच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून, मागे आपलीच गाडी ओढली जाताना आरशात बघत, गुनवोर घरी आली. स्वयंपाकघर आवरलेलं होतं. नगरपालिकेने पाठवलेली सेलाम नावाची तरुण मुलगी निघायला कोट घालत होती. तिचे आईवडील एरिट्रियातून आले होते, ती मात्र बोलायची थेट इथल्याच हेलात.

"जेवला तो. मासे आणि बटाटे. दाढीही करून दिली, मागत होता म्हणून. आता झोपलाय."

"तुला कळलं, तो काय मागतोय?"

"दोनदा शिव्या खाल्ल्या, मग कळलं."

ती गेली. गुनवोर खोलीच्या दारात उभी राहिली. रूने गुळगुळीत गालांनी घोरत होता. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याच्या तळाशी काहीतरी टोचलंही. आपल्यावाचून तो इतका सहज झोपला. करायला काही उरलं नव्हतं. ती खुर्चीत बसली, आणि बूट काढायचेसुद्धा त्राण नसल्यामुळे तशीच बसून राहिली.

तोर्गनीने तेल काढलं, नवं घातलं, थोडं चालवून तेही काढलं. इंजिनाला काही झालं नाही. नगरपालिकेला त्याने काय कळवलं, ते तिने कधी विचारलं नाही. सेलाम आठवड्यातून दोन रात्री राहायला येऊ लागली, पुढे तीन. गुनवोरचा थकवा त्याने गेला नाही. इतका जुना थकवा जात नसतो. पण निवृत्त होईपर्यंत तिने गाडी चालवली, आणि ज्या रात्री सेलाम असे त्या रात्री ती बाहेरच्या खोलीत, दार ओढून घेऊन, सकाळपर्यंत झोपत असे.