सूचनाताईंचा घसा बसला तेव्हा

शाळा मंडळाच्या ताब्यात चौदा शाळा होत्या आणि त्या चौदाही शाळांचा आवाज एकच होता. तो मंडळाच्या कार्यालयात जिन्याखालच्या खोलीत बसायचा. खोली मुळात झाडू आणि बादल्या ठेवायची. बादल्या अजूनही तिथेच होत्या. फक्त आवाज घुमू नये म्हणून दाराला एक जुनं ब्लँकेट टांगलं होतं आणि टेबलावर माइक आला होता.

सुट्टी कधी, परीक्षा कधी, कोणत्या शाळेला रंग द्यायचाय, कुठे नवा वर्ग बांधायचा बेत आहे, हे सगळं तिथे बोलून ठेवायचं. मग संध्याकाळी सहाला यंत्र चार हजार घरांना फोन लावायचं आणि तो आवाज ऐकवायचं. बोलणाऱ्या बाईंचं खरं नाव पगारपत्रकात होतं, पण गावाला त्याची गरज नव्हती. गाव त्यांना सूचनाताई म्हणायचं. एका लग्नपत्रिकेवर तर ‘सौ. सूचनाताई व परिवार’ असंच छापून आलं होतं, आणि ताईंनी ती पत्रिका जपून ठेवली होती.

खरं म्हणजे त्या टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. एकदा खडू पुरवणाऱ्याला त्या फोनवर झापत होत्या. एकेक शब्द सुटा, जागच्या जागी विराम, आवाज मात्र तसूभरही वर नाही. मंडळाचे साहेब दारात उभे राहून ऐकत राहिले. खडूवाल्याने दुसऱ्या दिवशी दुप्पट खडू पाठवले आणि साहेबांनी ताईंना माइक दिला.

त्याला आता अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात ताईंचा एका गोष्टीवर ठाम विश्वास बसला होता: आपण बोललो म्हणजे लोकांना कळलं. ‘बुधवारी’ या शब्दानंतर किती थांबायचं यावर त्या अर्धा अर्धा तास घालवत. ‘कृपया’ गोड झालं की ते पुन्हा म्हणत, कारण फार गोड म्हटलं तर पालक ऐकत नाहीत आणि फार कडक म्हटलं तर साहेबांना फोन करतात.

मुलगी सातवीत असल्याने घरीही तो फोन यायचा. सहा वाजले की सासरे फोन कानाला लावून खुर्चीत ताठ बसत. ताई स्वयंपाकघरातून काही विचारू लागल्या तर ते हात वर करत. “थांब जरा. सूचनाताई बोलतेय.”

“अहो बाबा, मीच आहे ती.”

“हो, पण तिचं झाल्यावर तू बोल.”

त्या वर्षी मंडळाने टेकडीवरच्या शाळेचं छप्पर बदलायचं ठरवलं. काम होईपर्यंत तिथले तिन्ही लहान वर्ग नदीकाठच्या शाळेत हलणार होते. बसची वेळ बदलणार, थांबा बदलणार. हे पालकांना तीन वेळा कळवायचं होतं. आणि नेमका त्याच आठवड्यात ताईंचा घसा बसला. आधी खरखर, मग फुसफुस, मग काहीच नाही. डॉक्टरांनी टॉर्च मारून आत पाहिलं आणि सांगितलं, “दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही.”

नवऱ्याने काळजीने चेहरा उतरवला, पण त्याला तो फार वेळ उतरवून ठेवता आला नाही. संध्याकाळी तो शीळ घालत भाजी चिरताना सापडला.

तिकडे माइकसमोर साहेब बसले. साहेब माणूस चांगला, पण ‘ही शाळा’ म्हणण्याऐवजी ‘सदर शाळा’ म्हणणारा. त्यांनी मंडळाचं पूर्ण नाव घेतलं, सर्व संबंधितांना अवगत केलं, प्रस्तावित कामाच्या अनुषंगाने काही बाबी स्पष्ट केल्या. तीन दिवस, रोज सहाला. ताईंनी घरी ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. बोलता येत नसल्यामुळे तो दोनदा मारला.

सोमवारी सकाळी टेकडीवरच्या बंद फाटकाशी साठेक मुलं दप्तरं घेऊन उभी होती. वर छपरावर कामगार पत्रे उचकटत होते. त्यांतल्या एकाने वरूनच ओरडून सांगितलं, “शाळा खाली गेली!” मुलांना कुणीतरी चालवत नदीकाठी नेलं, पालक मात्र तडक मंडळाच्या कार्यालयात आले. साहेब तेवढ्यात ‘प्रत्यक्ष पाहणी’ला निघून गेले होते. खिडकीत सूचनाताई, समोर एक पाटी आणि हातात पेन्सिल.

सगळ्यांत पुढे बेकरीवाला होता, हाताला पीठ तसंच. “आम्हाला कुणी कळवलंच नाही!”

ताईंनी लिहिलं, ‘तीन वेळा फोन केला.’

“तो? तो तर कर्ज घ्या म्हणणारा माणूस होता! मी ‘नको’ म्हटलं आणि ठेवून दिला.” मागच्या चार जणांनी माना डोलावल्या. त्यांनीही ‘नको’च म्हटलं होतं. “तुमचा आवाज असता ना ताई, तर गोष्ट वेगळी.”

ताईंचा जीव सुखावला. त्यांनी लिहिलं, ‘तर ऐकलं असतं?’

बेकरीवाला भला माणूस. त्याने विचार करून उत्तर दिलं. “ऐकलं असतं असं नाही. पण ठेवून दिला नसता.”

मागून एक नर्स म्हणाली, “खरं सांगू? तुमचा आवाज आला की मी स्पीकर लावते आणि भांडी घासायला घेते. शब्दांकडे लक्ष नसतं हो. शेवटी आवाज खाली आला तर सुट्टी, वर गेला तर परीक्षा. एवढं मला कळतं.”

“आमच्याकडे तर बाळ झोपतं त्या आवाजावर,” आणखी कुणीतरी म्हणालं, आणि ते ताईंचं कौतुकच करत होतं.

ताईंना तोंड असतं तर त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना समजावलं असतं. पण तोंडाला कुलूप. माणसं बोलत राहिली, त्या ऐकत राहिल्या. गर्दी पांगल्यावर त्या यंत्राच्या खोलीत गेल्या. कोणत्या घराने किती सेकंद ऐकलं याची नोंद ते यंत्र ठेवायचं. अकरा वर्षांत ती बघायची गरज त्यांना वाटली नव्हती. साहेबांचं सरासरी ऐकणं निघालं पाच सेकंद. मग त्यांनी आपले आकडे काढले.

एकोणीस सेकंद.

त्यांचा निरोप दीड मिनिटाचा असायचा. नमस्कार, मंडळाचं नाव, पालकांचे आभार, प्रस्तावना, आणि मग चाळिसाव्या सेकंदाला कुठे तारीख यायची. म्हणजे अकरा वर्षं ‘बुधवारी’ या शब्दानंतरचा तो घोटून घोटून बसवलेला विराम बहुतेकांनी ऐकलाच नव्हता.

घरी आल्यावर सासऱ्यांनी सुनेचं तोंड पाहिलं. “काय गं, काय झालं?”

ताईंनी पाटीवर लिहिलं, ‘लोक एकोणीस सेकंदच ऐकतात.’

“मी पूर्ण ऐकतो,” सासरे लगेच म्हणाले. मग त्यांना राहवेना. “पण मला दुसरं काम तरी काय असतं?”

ताई त्या रात्री नीट जेवल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पाटी पुसून पुन्हा खिडकीत जाऊन बसल्या. आणि एक मजेशीर गोष्ट त्यांच्या लक्षात आली. समोरची बाई काही उत्तर देत नाही म्हटलं की माणसं आणखी बोलतात. एक प्रश्न विचारायला आलेली आई दहा मिनिटं थांबायची आणि जाताना “बरं वाटलं हो बोलून” म्हणायची. ताई लिहून घेत होत्या. दोन वह्या भरल्या. मंडळ ज्या बसला ‘मार्ग क्रमांक सात’ म्हणत होतं, तिला अख्खं गाव चालकाच्या मिशीवरून ‘मिशीवाल्यांची बस’ म्हणत होतं. पालकसभा दुपारी चारला असायची, आणि चारला बेकरीत दुसरी भट्टी लागायची, दवाखान्यात पाळी बदलायची. सभेला येतं कोण, तर वेळ असणारे तिघे, आणि त्यांतल्या एकाचा नातू शाळा सोडून सहा वर्षं झाली होती.

पंधरा दिवसांनी आवाज परत आला. आधीपेक्षा जरा जाड, कडेला किंचित फाटलेला. रोज काही मुलं अजूनही जुन्याच थांब्यावर उभी राहत होती. ताई जिन्याखाली गेल्या, बादली पायाने बाजूला सारली आणि माइक सुरू केला.

“नमस्कार, सूचनाताई बोलतेय. टेकडीवरच्या लहान वर्गांसाठी मिशीवाल्यांची बस आता दवाखान्यासमोर थांबते. सकाळी आठला. काही सांगायचं असेल तर शिट्टी वाजल्यावर बोला, मी ऐकते.”

साहेबांनी ते ऐकलं आणि त्यांचा चष्मा खाली घसरला. “मंडळाचं पूर्ण नाव कुठाय?”

“ते एकोणीस सेकंदांत बसत नाही, साहेब.”

“आणि हे मिशीवाले काय? अधिकृत निरोपात मिशी?”

त्या वादाचा निकाल मिशीवाल्यांनीच लावला. ते संध्याकाळी कार्यालयात आले, अवघडून उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, या महिन्यात मिशी काढायचा विचार होता माझा. आता काय करू?” ताईंनी त्यांना काम होईपर्यंत धीर धरायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर आठ वाजता एकही मूल कमी नव्हतं. साहेबांनी नावाचा विषय पुन्हा काढला नाही.

यंत्रात दोनशे बारा उत्तरं जमली होती. ताई वही घेऊन ऐकायला बसल्या. एकशे नव्वद जणांनी घशावरचे उपाय सांगितले होते. मीठ-पाण्याच्या गुळण्या, आलं आणि मध, दाताखाली लवंग. एका आजोबांनी तर गाढवासारखं ओरडून घसा मोकळा करायला सांगितलं होतं आणि ओरडूनही दाखवलं होतं. साहेब दारावरून जाताना तो आवाज ऐकून थबकले. ताईंनी काही खुलासा केला नाही.

उरलेल्या बावीसांत एक बाईमाणूस होतं, थकलेल्या आवाजाचं. “माझी नात नव्या शाळेत जाते. तिथला नळ उंच आहे, तिचा हात पोचत नाही. रोज तहानलेली घरी येते. हे कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं.”

ताईंनी ते दोनदा ऐकलं. सकाळी त्या प्लंबरला घेऊन नदीकाठच्या शाळेत गेल्या. नळ मोठ्या मुलांच्या मापाचा होता. छपराचा आराखडा नऊ पानांचा होता, बसचा दोन पानांचा, पण हलवलेली मुलं पाणी कुठून पिणार हे कुणी लिहिलंच नव्हतं. ताई गुडघ्यांवर बसल्या, पहिलीतल्या एका मुलीला हात वर करायला सांगितलं आणि भिंतीवर पेन्सिलने खूण केली. दुपारपर्यंत त्या खुणेवर दुसरा नळ बसला.

हे चार हजार घरांना सांगण्यात अर्थ नव्हता. ताईंनी त्या आजीला स्वतः फोन लावला.

“नमस्कार, सूचनाताई बोलतेय. तुमच्या नातीसाठी खालच्या उंचीवर नळ बसवलाय.”

पलीकडे शांतता. फक्त श्वास ऐकू येत होता.

“आजी? ऐकताय ना?”

पुन्हा शांतता. मग हळूच, फोनपासून दूर तोंड करून कुणाला तरी सांगितल्यासारखं, “शिट्टी अजून वाजली नाही गं.”

“आजी, हे यंत्र नाही. मी खरीच बोलतेय.”

“अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं? मी कधीची तोंड मिटून बसलेय!”

त्यानंतर दोघी पंचवीस मिनिटं बोलल्या. त्यांतली दोन मिनिटं नळाबद्दल होती.