नलिनीताईंचा निळा मोदक

नलिनीताई घारपुरे यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले, त्याला बावीस वर्षे झाली. नारायण पेठेतल्या त्यांच्या स्टुडिओचा जिना चढताना माझ्या फोटोंचा अल्बम मी छातीशी घट्ट धरला होता. ताईंनी तो उघडलाच नाही. उत्तरेकडच्या खिडकीपाशी टेबलावर पांढऱ्या बशीत साध्या भाताची मूद होती. वरण नाही, तूप नाही. ताईंनी तिच्याकडे बोट दाखवून विचारले, "काय रंग आहे?"

"पांढरा," मी म्हणाले.

"ते न बघताही सांगता येतं. बघून सांग."

मी वाकून पाहिले, बाजूला सरकून पाहिले. मग घाबरत म्हणाले, "खिडकीच्या बाजूनं निळसर आहे. भिंतीच्या बाजूनं पिवळट."

"उद्या नऊला ये. नऊ म्हणजे नऊ," त्या म्हणाल्या आणि मुलाखत संपली.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख द्यायला मला फार उशीर झाला आहे. संपादकांचे तीन फोन येऊन गेले. आधी परिचय, मग कार्य, मग मूल्ये, मग जिव्हाळ्याच्या आठवणी, शेवटी शुभेच्छा, असा क्रम त्यांनी प्रेमाने आखून दिला. मी चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा उठून येरझाऱ्या घातल्या. कारण जे सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही, ते या क्रमात कुठेच बसत नाही. तरी क्रम पाळण्याचा प्रयत्न करते.

गेली पन्नासएक वर्षे ताई खाद्यपदार्थांचे आणि पेयांचे फोटो काढत आहेत. पाककृतींची पुस्तके, मसाल्यांची पाकिटे, दिवाळी अंक, उपाहारगृहांची मेनूकार्डे, अशा कितीतरी ठिकाणी आपण त्यांचे काम पाहिले आहे, बहुधा नाव न वाचता. त्यांच्या स्टुडिओत पहिला फोटो नेहमी मुदीचा असतो. पदार्थ कोणताही असो, आधी त्याच जागी, त्याच उजेडात मूद ठेवायची. भात पांढरा दिसला की शेजारचे सगळे रंग खरे, हा त्यांचा नियम. काम संपले की त्याच मुदीवर वरण, तूप आणि लिंबू घालून ताई ती स्वतः सगळ्यांना वाटतात. ती खाल्ल्याशिवाय कोणी जिना उतरायचा नाही.

उजेडाची त्यांची अवजारे स्वयंपाकघरातलीच. खिडकीला त्यांच्या वडिलांचे जुने मलमलीचे धोतर, ऊन मऊ करायला. आमटीला ऊब हवी असली की पितळी परातीची पाठ तिच्याकडे वळवायची, दह्याला गारवा हवा असला की स्टीलचे ताट. पेयाला मात्र उजेड पाठीमागून. कोकम सरबतावर समोरून दिवा टाकला तर ते शाईसारखे दिसते. मागून टाकला की पेल्यातला लाल रंग जागा होतो. हे मला त्यांनी शिकवले नाही. सकाळभर मला समोरून दिवे लावू दिले, आणि दुपारी पेला उचलून खिडकीत नेऊन ठेवला.

जे खाता येत नाही ते टेबलावर ठेवायचे नाही, हा दुसरा नियम. पदार्थ चकाकावा म्हणून त्याला काय काय फासतात ते सांगायला नको. एकदा फराळाचे पदार्थ बनवणारे एक गृहस्थ फोटो पाहून म्हणाले, "चकली जरा केशरी करता येईल का?"

"येईल की," ताई म्हणाल्या. "केशरी तळून आणा."

गृहस्थ रागावून गेले. चार दिवसांनी नवा घाणा घेऊन परत आले, आणि त्या चकल्या खरोखरच चांगल्या होत्या. आम्ही डबाभर खाल्ल्या.

"तुम्हांला सुचतं कसं?" असे पाहुणे विचारतात. ताईंचे उत्तर ठरलेले आहे, "सुचत नाही. भूक लागते." पण मी त्यांच्याबरोबर पहाटे मार्केट यार्डात गेले आहे, म्हणून मला थोडे अधिक माहीत आहे. एकदा लिंबांच्या ढिगावर पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप पडली होती आणि ताई वाटेच्या बरोबर मध्ये उभ्या. मागून एक हमाल ओरडला, "ओ मावशी, सरका की! पाठीवर पोतं हाय!" ताई न वळता म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबा हो, ऊन सरकतंय." आणि तो पोते घेऊन थांबला. त्यालाही ती तिरीप बघावीशी वाटली असावी. त्या आठवड्यात आम्ही काळ्या पुठ्ठ्याला एक भोक पाडले आणि कैरीच्या पन्ह्याचा तो फोटो झाला, जो या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे.

जिव्हाळ्याची एक आठवण सांगायलाच हवी. महाराष्ट्रातल्या घरगुती पदार्थांचे एक पुस्तक चालू होते. यादी बघता बघता ताईंनी मला विचारले, "यात तुझ्या घरचं काय आहे?" काहीच नव्हते. आमचे घर विश्रांतवाडीतले, बौद्ध. आई सुकटीची चटणी करते, त्याबरोबर ज्वारीची भाकरी. मी ते चाचरतच सांगितले. दुसऱ्या दिवशी ताईंनी आईला डब्यासकट बोलावून घेतले. तपकिरी चटणी, तिच्याशेजारी मळकट रंगाची भाकरी, त्यामुळे फोटोत काहीच उठून दिसेना. ताई परात फिरवत राहिल्या, दिवस गेला. आई मला कानात म्हणाली, "एवढ्यात मी पन्नास भाकऱ्या थापल्या असत्या." प्रकाशकांनी "हे पुस्तकात कशाला?" असे विचारले, तेव्हा ताई म्हणाल्या, "मग बाकीचेही फोटो परत पाठवा." पानभर फोटो छापला गेला. आईने ते पान अजून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवले आहे.

अशा बाईंशी मी दोन वर्षे खोटे वागले. क्रम इथे मोडतो आहे, त्याला इलाज नाही.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी, उकडीच्या मोदकांचे काम होते. फोटो झाले. संगणकावर रंग जुळवण्याचे काम ताई नेहमी स्वतः करतात. मुदीच्या फोटोवर एक टिचकी मारली की पांढरा कोणता ते यंत्र आपोआप ठरवते, पण ताईंना ते मान्य नाही. "यंत्रानं कधी भात खाल्लाय?" असे म्हणून त्या डोळ्याने जुळवतात. त्या दिवशी त्यांनी जुळवून झाल्यावर मी पाहिले, तर मोदक निळे होते. कपड्यांना नीळ जास्त व्हावी तसे.

"झालं ना छान?" ताईंनी विचारले.

बावीस वर्षांपूर्वी ज्या उत्तरावर मला काम मिळाले होते, ते उत्तर माझ्या जिभेवर आले आणि मी ते गिळले. "हो," मी म्हणाले. ताई घरी गेल्यावर मी मुदीवर टिचकी मारली, मोदक पांढरे केले आणि पाठवून दिले.

मला वाटले, एकदाच. मग ते रोजचेच झाले. ताईंना भात पिवळट दिसत होता म्हणून त्या निळा वाढवत होत्या, आणि मी तो गुपचूप काढत होते. सांगितले का नाही? कारण त्या नेहमी म्हणत, "ज्या दिवशी माझा भात पांढरा राहणार नाही, त्या दिवशी कॅमेरा कपाटात." ते कपाट बंद होताना मला बघायचे नव्हते. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, हे मी अजून स्वतःला विचारते आहे.

याहून वाईट पुढेच आहे. छापून आलेली पाने ताईंना साहजिकच पिवळी दिसत. मग त्या छापखान्याच्या सुभाषरावांना फोन लावत. "अहो सुभाषराव, मोदक पाठवले होते. तुम्ही ढोकळा छापलाय!" सुभाषराव बिचारे माफी मागत. मी तिथेच उभी राहून पुठ्ठे आवरत असे. दोन वर्षे तो माणूस माझ्या वाटची बोलणी खात होता. हा ग्रंथही त्यांच्याच छापखान्यात होतो आहे, म्हणून इथेच त्यांची जाहीर क्षमा मागते.

मग या ग्रंथासाठी संपादकांनी ताईंचे अलीकडचे बारा फोटो मागितले. माझ्याकडे प्रत्येकाच्या दोन प्रती होत्या, त्यांची आणि मी बदललेली. 'नलिनीताईंचे रंग' या मथळ्याखाली मी माझे रंग देणार होते. आठ दिवस मला जेवण गेले नाही. नवव्या दिवशी मी मोदकाच्या दोन्ही प्रती छापून घेतल्या आणि खिडकीपाशी ताईंसमोर ठेवल्या.

"हा कुणाचा?" त्यांनी, त्यांना पिवळ्या दिसणाऱ्या प्रतीवर बोट ठेवले.

"तुमचाच. रंग माझा."

"आणि हा?"

"हा सगळा तुमचा. ताई, हा निळा आहे."

त्या दोन्ही कागदांकडे बघत राहिल्या. चष्मा पुसला, पुन्हा बघितले. "किती दिवस?"

"दोन वर्षं."

"म्हणजे दोन वर्षं तू मला खोटं ताट वाढलंस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "स्टुडिओची किल्ली ठेव आणि जा."

मी किल्ली ठेवली. त्या दिवशी कोणी मूद वाटली नाही.

दहा दिवसांनी फोन आला. "शुक्रवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. मला रिक्षात धक्के बसतात. तुझी गाडी आण." बस्स, एवढेच. डॉक्टरांनी सांगितले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकला आहे. आधी उजव्या डोळ्यातला काढू, डाव्यातला महिन्याभराने. मग सहज म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर एवढे दिवस पिवळ्या काचेतून बघावं लागलं नसतं." ताईंनी माझ्याकडे पाहिले नाही, आणि ते मला फार लागले. मी त्यांचा मान सांभाळत बसले होते. सांभाळायला हवे होते ते त्यांचे डोळे, आणि त्याला एक वाक्य पुरले असते. त्या अपराधाची टोचणी हा लेख लिहूनही जात नाही.

पट्टी निघाल्यावर ताईंनी दोन वर्षांचे सगळे फोटो मागवले. एकदा उजवा डोळा झाकून, एकदा डावा झाकून त्या बघत होत्या. मी औषधाचे थेंब घालायला जात होते, पाहुण्यासारखी बेल वाजवून. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुभाषरावांना फोन लावला. "सुभाषराव, दोन वर्षं तुम्ही बरोबर होतात. मी चुकत होते." पलीकडून उत्तर आले ते मलाही ऐकू आले, "असू द्या हो ताई. तुमच्यामुळे मशीन चार वेळा धुऊन झालं." ताई पहिल्यांदा हसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ग्रंथात माझेच फोटो जातील. निळे."

संपादकांना घाम फुटला. मला फोन करून म्हणाले, "अहो, गौरवग्रंथात निळा मोदक कोण छापतं?"

"नलिनीताई घारपुरे छापतात," मी म्हणाले.

तेव्हा या ग्रंथात पुढे निळसर मोदक, निळसर दहीभात आणि निळसर मसाला दूध दिसेल. छपाईचा दोष समजू नये. पंचाहत्तर वर्षांच्या एका बाईंनी आपली चूक आपल्या नावावर लावून घेतली आहे. त्यांच्या पन्नास वर्षांच्या कामातली कोणती पाने मोठी, असे मला विचारले तर मी हीच दाखवीन.

परवा पुन्हा बोलावणे आले. वर गेले तर खिडकीपाशी पांढऱ्या बशीत मूद होती. मी नसल्यामुळे भात ताईंनी स्वतः केला होता. त्या खुर्चीत बसल्या होत्या, काळा चष्मा काढून ठेवला होता.

"काय रंग आहे?"

मी वाकून पाहिले. घाई केली नाही. "खिडकीच्या बाजूनं निळसर," मी म्हणाले. "भिंतीच्या बाजूनं पिवळट." मग थांबले. पुढचे या वेळी गिळले नाही. "आणि ताई, भात खाली लागलाय. मधे तांबूस दिसतोय."

ताईंनी डावा डोळा झाकला, मुदीकडे नीट पाहिले. "लागलाय खरा," त्या म्हणाल्या. त्यांनी मूद मोडली, तूप घातले आणि अर्धी माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघींनी तो करपलेला भात खाल्ला. किल्ली अजून त्यांच्याच खणात आहे, मी ती मागितली नाही.

ताईंच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया या समारंभानंतरच्या आठवड्यात आहे, आणि तोवर माझ्या जिवाला चैन नाही. त्यांना दोन्ही डोळ्यांनी बघत, हातीपायी धड राहून, पुष्कळ आयुष्य मिळो. पुष्कळ पदार्थ, पुष्कळ ऊन मिळो. आणि त्यांच्या भाताचा रंग पुन्हा कधी बदललाच, तर तो त्याच दिवशी, त्यांच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य मला मिळो.