नाव ठेवायला जागा

हळूभाऊ हे नाव काही त्यांच्या आईने बारशाला ठेवलेलं नव्हतं. ते ठेवलं त्यांच्या पेशंटांनी. डायलिसिसच्या पेशंटांना घरून दवाखान्यात न्यायचं आणि पिळून काढलेल्या फडक्यासारखे होऊन ते बाहेर आले की पुन्हा घरी पोचवायचं, हा हळूभाऊंचा धंदा. स्पीडब्रेकरवरून गाडी अशी चढवायचे नि अशी उतरवायचे की मागे डुलकी लागलेल्या माणसाची मान हलायची नाही. मागून हॉर्न वाजायचे, शिव्या यायच्या, पण हा माणूस ढिम्म. "अहो हळूभाऊ, यापेक्षा बैलगाडी बरी!" असं एक निवृत्त मास्तरीणबाई दर खेपेला म्हणायच्या, आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीत मात्र पाऊल ठेवायच्या नाहीत.

गाडी त्यांची स्वतःची नव्हती. लीजची होती. म्हणजे महिन्याच्या महिन्याला कंपनीकडे पैसे भरायचे, तीन वर्षं चालवायची आणि मुदत संपली की नेऊन द्यायची. धड परत केली की लगेच दुसरी, कोरी करकरीत. धड नाही केली तर नाही. हळूभाऊंनी त्या 'तर'चा कधी विचारच केला नव्हता. कशाला करतील? तीन वर्षांत त्या गाडीला साधा पोचा आलेला नव्हता. सीटवर पेशंटाच्या हातातून थोडं रक्त ठिबकलं होतं, तेही त्यांनी गार पाण्याने पुसून डाग काढला होता. गाडी कसली, लेकच ती. सासरी पाठवायची म्हणून आदल्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

परत द्यायच्या दिवशी पहाटे ते खाली उतरले तेव्हा गाडी ओलीचिंब होती. एखादी सर येऊन गेली असेल, असं म्हणून ते बसले आणि निघाले. रस्ताही ओला आहे का, हे बघायचं काही त्यांना सुचलं नाही. माणूस दुःखात असला की समोरचं दिसत नाही, त्यातली गत. यार्डात किल्ली दिली, बॉनेटवर एकदा हात ठेवला आणि बसने घरी आले.

घरी आल्या आल्या आईने विचारलं, "टपाचं काही म्हणाले का रे?"

"कुठल्या टपाचं?"

"काही नाही. आपलं विचारलं."

आई ऐंशीच्या घरात. हल्ली मधूनच काहीबाही बोलायची, म्हणून हळूभाऊंनी मनावर घेतलं नाही. स्वयंपाकघरात बायको वेगळ्याच रागात होती. "आई, पुन्हा पाण्यात हात घातलात ना? बोटं बघा कशी सुजलीत! डॉक्टरांनी काय सांगितलंय? तुम्हाला सांगून सांगून माझी जीभ झिजली." म्हातारीच्या तोंडावर मात्र साखर चोरून खाल्लेल्या पोरीसारखं हसू.

दोन दिवसांनी कंपनीचा फोन आला. गाडीच्या रंगावर ओरखडे आहेत, एखाददुसरा नाही, सगळ्या अंगभर, आणि सगळा रंग नव्याने द्यायचा खर्च तुमच्या नावावर पडला आहे. वर हेही सांगितलं की हे मिटेपर्यंत नवी गाडी मिळणार नाही.

हळूभाऊ आयुष्यात पहिल्यांदा जोरात बोलले. "ओरखडे? माझ्या गाडीला? डोळे आहेत की बटणं? अहो, तीन वर्षं मी त्या गाडीवर माशी बसू दिली नाही!"

आणि मग सुरू झाल्या खेपा. कंपनीचं ऑफिस कसलं, काचेचा डबा! आत गेलं की एक नंबर द्यायचे आणि बसायला सांगायचे. खुर्च्या अशा की बसलं तर घसरायला होई. एक जण म्हणे हे माझ्याकडे येत नाही, दुसरा म्हणे ज्याच्याकडे येतं तो रजेवर आहे. त्यांच्या भाषेत दोन शब्द. एक झीज, एक नुकसान. गाडी वापरली की झीज होणारच, तिचे पैसे लागत नाहीत. नुकसान मात्र भरून द्यायचं. आणि झीज कुठे संपते नि नुकसान कुठे सुरू होतं, ते ठरवणार कोण? तेच! म्हणजे आरोपी तुम्ही, साक्षीदार ते आणि न्यायाधीशही तेच.

इकडे पेशंट खोळंबले. कुणी भाच्याला बोलवलं, कुणी रिक्षा केली. मास्तरीणबाई रोज फोन करायच्या. "अहो, किती दिवस? हा नवा माणूस गाडी चालवतो की पतंग उडवतो? काल घरी येईपर्यंत माझ्या हाताची पट्टी सुटली!" हळूभाऊ म्हणायचे, "आठवडाभर कळ काढा बाई, माझी बाजू खरी आहे." ते तसं मनापासून मानत होते, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

कारण त्यांनी विचार करून करून गुन्हेगार शोधलासुद्धा होता. यार्डात गाड्या धुणारा माणूस! गाडी दिली तेव्हा तो ब्रश घेऊन तिथेच उभा होता. त्यानेच खरखरीत ब्रश फिरवला असणार. हळूभाऊंनी तसं लेखी देऊन टाकलं. कुणाच्या पोटावर पाय देणारा माणूस नव्हता हो तो, पण स्वतःच्या पोटावर आला की माणूस दुसऱ्याचं पोट विसरतो.

शेवटी एकदाचं त्यांना तक्रार बघणाऱ्या बाईंपुढे बोलावलं. बाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, टेबलावर अर्धी खाल्लेली पोळी डब्यात तशीच. बाजूला तो गाड्या धुणाराही उभा होता, रबरी बूट घालून. त्याने हळूभाऊंकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, तुमच्या गाडीवर मी पाण्याचा थेंबही मारला नव्हता. ती ओलीच आली होती. खरं सांगा, मी कधी वाकडं वागलो का तुमच्याशी?"

"मग काय भुताने घासली?" हळूभाऊ तडकले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "काका, फोटो तुम्ही बघितलेच नाहीत का? ओल्या रंगावर ओरखडा दिसत नाही. गाडी वाळली तेव्हा दिसलं. हे बघा."

त्यांनी पडदा हळूभाऊंकडे फिरवला आणि फोटो मोठा केला. उन्हात उभी गाडी. आणि तिच्या बॉनेटवर, दारांवर, डिकीवर नुसती वेटोळी. गोल, गोल, गोल. पाच-सहा वेटोळी आणि वरून एक आडवा हात. पुन्हा पाच-सहा वेटोळी, पुन्हा एक आडवा हात. कुठे घाई नाही, कुठे जागा सुटलेली नाही. खांद्याइतक्या उंचीपर्यंत सगळं असं, आणि वर टप मात्र आरशासारखा स्वच्छ.

हळूभाऊ पडद्यापाशी वाकले.

ही वेटोळी त्यांनी जन्मभर बघितली होती. घरातल्या एकूण एक पातेल्याच्या बुडावर तीच होती. आई एका कँटीनमध्ये भांडी घासायला होती, उभी हयात. नवरा लवकर गेला, आणि त्या भांड्यांवर तिने पोर वाढवलं. लहानपणी हळूभाऊ मोरीच्या कट्ट्यावर बसून बघायचे, तारेची घासणी कशी फिरते ते. गोल, गोल, गोल, आणि शेवटी एक आडवा हात. मग ती पातेलं उजेडाकडे धरायची आणि म्हणायची, "घ्या. आता नाव ठेवायला जागा नाही."

शेजारून चमचा जरी मागून आणला असला तरी घासल्याशिवाय परत द्यायची नाही. दुसऱ्याची वस्तू आहे रे, म्हणायची. आणि ही तर अख्खी गाडी होती.

"टपाचं काही म्हणाले का रे?" आता कळलं. टपाला हात पोचला नव्हता तिचा!

"काका?" बाईंनी विचारलं. "पाणी देऊ का?"

हळूभाऊंनी मान हलवली. मग त्या धुणाऱ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं. तू नाहीस. तक्रार मागे घेतो." तो बिचारा एवढा गोंधळला की त्यानेही हात जोडले.

तो गेल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "घरातलं कुणी आहे का?"

"आई."

बाईंनी एक कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "बघा, पैसे मला माफ करता येणार नाहीत. पण घरातल्या माणसाकडून नकळत झालं, असं असेल तर तुमच्या नावावर निष्काळजीपणाचा शेरा पडत नाही. नवी गाडी मिळू शकते. फक्त त्यांना इथे यावं लागेल. फोटो बघून, हे माझ्या हातून झालं असं सांगावं लागेल आणि या कागदावर सही. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. त्यांना आणा, काका. मी स्वतः नीट बोलेन त्यांच्याशी."

बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

कागद खिशात घालून हळूभाऊ घरी आले. बायकोला बाहेरच्या खोलीत सगळं सांगितलं. ती आधी कपाळावर हात मारून खाली बसली. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. "अहो, सांगून टाका त्यांना," ती म्हणाली. "मला काय त्यांचा राग आलाय? पण गाडी गेली तर खायचं काय? कुणी मारत नाहीये त्यांना. एक सही तर करायचीय."

"हो," हळूभाऊ म्हणाले. "सांगतो."

आत आई पलंगावर बसून सुजलेली बोटं एकेक करून चोळत होती. करंगळी तर पार वाकलेली, सरळच होत नाही. हळूभाऊ शेजारी बसले. ही झीज की हे नुकसान, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

"आई, गाडी तू घासलीस ना?"

म्हातारीने आधी दाराकडे बघितलं, सून ऐकत नाही ना म्हणून. मग एकदम फुलली. "तुला कसं कळलं?"

"तुझा हात ओळखू येत नाही होय मला?"

"हिला सांगू नकोस हं, जीव खाईल माझा. अरे, तुम्ही उठायच्या आत उरकलं सगळं. किती वर्षांत अशी मोठी घासाघाशी केली नव्हती! मध्ये मध्ये बसले पायरीवर, पण सोडलं नाही. आता मी घरात नुसती बसून खाणारी. म्हटलं, तुझं एवढं तरी काम माझ्या हातून होऊ दे. दुसऱ्याची वस्तू परत जायची होती ना." तिने हळूभाऊंचा हात धरला. हातात जोर असा नव्हताच. "उभ्या जन्मात माझ्या हातच्या भांड्याला कुणी नाव ठेवलं नाही. काय म्हणाले ते लोक?"

दारात बायको येऊन उभी राहिली होती. हळूभाऊंनी खिशातल्या कागदावर हात ठेवला. शब्द अगदी ओठांवर आले होते. खरंच आले होते.

"म्हणाले, नाव ठेवायला जागा नाही."

आईने डोळे मिटून घेतले. बायको स्वयंपाकघरात निघून गेली, आणि बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी हळूभाऊंनी बाईंच्या टेबलावर तो कागद ठेवला. नुकसान करणाऱ्याचं नाव, असं छापलेलं होतं आणि पुढे रेघ. त्या रेघेवर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, ठळक, शाळेतल्यासारखं.

"काका, तुम्हाला कळतंय ना?" बाईंनी विचारलं. "हा शेरा पुसता येत नाही. दुसऱ्या कंपन्यांनाही दिसतो."

"कळतंय, मॅडम."

"मग का?"

"जागा एकच होती," हळूभाऊ म्हणाले. "कुणाचं तरी नाव लिहायचंच होतं."

गाडी मिळाली नाही. पुढेही कुणी दिली नाही. हळूभाऊ आता एका बाजारापाशी दुसऱ्यांच्या गाड्या हात दाखवून जागेवर लावून घेतात, दिवसभर उभ्याने. आयुष्य गाडीत बसून गेलं, त्यामुळे पाय संध्याकाळपर्यंत भरून येतात. डिपॉझिट गेलं, वर रंगाच्या खर्चाचे हप्ते बसले. मास्तरीणबाईंचा फोन काही दिवस येत राहिला. मग त्यांच्या मुलाचा आला, एकदाच, आई गेल्याचं सांगायला. नव्या ड्रायव्हरमुळे झालं असं कुणी म्हटलं नाही, आणि तसं नव्हतंही. पण त्या दिवशी हळूभाऊ जेवले नाहीत.

आईला त्यांनी सांगितलंय की नव्या गाडीला जरा उशीर आहे, मागणी फार आहे. ती रोज विचारते. परवा ते घरी आले तर ती स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत दारापाशी घेऊन निघाली होती. धाप लागलेली, हातात कोरी तारेची घासणी.

"अगं, हे काय?"

"इथे ठेवते, हाताशी. नवी आली आणि तीही परत द्यायची वेळ आली की सापडायला हवं ना," आई म्हणाली. मग आवाज खाली आणून, कुणाला कळू नये असं ती बोलली, "मागच्या वेळी टप तेवढा राहून गेला होता रे. त्यांच्या लक्षात आलं नाही म्हणून निभावलं. मला मात्र रात्र रात्र तेच डाचतं."

हळूभाऊंनी तिच्या हातातलं स्टूल घेतलं आणि ती म्हणाली तिथे, दाराआड, नीट लावून ठेवलं.