खिडकीत माणूस आहे

चौकशीकाकांना काहीही विचारा, उत्तर मिळायच्या आधी उलटा प्रश्न मिळायचा. "नाशिकची गाडी किती वाजता?" असं कोणी म्हटलं की खिडकीच्या जाळीमागून चष्मा वर व्हायचा आणि आवाज यायचा, "कशाला जायाचं हाय?" माणूस बिचकायचा. काही जण चिडायचे. नव्वदच्या दशकात शहापूरच्या एस.टी. स्टँडवर ज्यांनी ज्यांनी गाडीची वाट पाहिली, त्यांतल्या निम्म्यांच्या तरी कपाळाला काकांनी आठ्या घातल्या असतील.

मी तर भांडलेच होते. नुकतीच बारावी झालेली, शहापूरची पोर, तोंडाने फटकळ. तशी आजही आहे म्हणा. "मुरबाडची गाडी?" म्हणून विचारलं, तर यांचं सुरू. "कशाला जायाचं हाय गो?"

"तुम्हाला काय करायचंय? गाडी सांगा."

"मला काय नाय कराचं. तुला काय कराचंय ते सांग."

मागे लाइन वाढत होती, लोक दात काढत होते. मी ओरडलेच, "टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरायचाय. झालं समाधान?"

"झालं," काका शांतपणे म्हणाले. "आज दुसरा शनिवार. हापिस बंद. गाडी अकराची हाय, पन तू घरी जा. सोमवारी ये आनि फोटो दोन आन, एकावर भागत नाय. पुढचा!"

माझं तोंड बंद करणारी माणसं या जगात फार थोडी झाली. पहिले ते. सोमवारी दोन फोटो घेऊन गेले आणि जाताना खिडकीशी थांबून "सॉरी काका" म्हणाले. त्यांना आठवतही नव्हतं. दिवसाला पाचशे माणसं विचारून जायची, कोणाकोणाचं भांडण लक्षात ठेवणार?

भांडण लक्षात नसायचं, पण माणूस पक्का लक्षात राहायचा. एकदा त्यांनी एका म्हाताऱ्याला बकरीसकट किन्हवलीच्या गाडीत बसवून दिलं आणि नेमकी ती गाडी वाटेत बंद पडली. पुढचे तीन दिवस काका त्या बाजूहून येणाऱ्या प्रत्येक कंडक्टरला अडवून विचारत होते, "बकरीवाला आजा पोचला का?" कंडक्टर हसायचे. शेवटी एकाने त्या गावच्या दूधवाल्याकडून निरोप आणला की आजा पोचला आणि बकरीही पोचली. तेव्हा कुठे काकांनी नीट जेवण केलं, असं त्यांचाच शिपाई सांगायचा. "माझ्या शब्दावर निघालेला मानूस पोचला पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. नोकरीच्या कुठल्या नियमात हे लिहिलेलं नव्हतं.

पुढे माझं लग्न झालं ते मुरबाडला. काकांचं घरही मुरबाडचंच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन हजार सालानंतर नवऱ्याने आणि मी स्टँडजवळच्या गाळ्यात तीन कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला, सोबत एक झेरॉक्स मशीन. नवरा नोकरीला जायचा, दुकान माझ्या गळ्यात. एक दिवस पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला काका आले. केस पांढरे झालेले, चष्मा मात्र तोच. मी म्हटलं, "काका, कशाला काढायचीये झेरॉक्स?" त्यांनी चष्मा वर केला आणि मग जे हसले! सगळा गाळा दणाणला.

त्या दिवशी शेजारच्या कॉम्प्युटरवर एक गिऱ्हाईक भटकंतीची आवड असणाऱ्यांची एक साईट वाचत बसलं होतं. तिथे कोणीही काहीही विचारायचं आणि कोणीही उत्तर द्यायचं. काका मागून वाकून वाचायला लागले. पुण्याच्या कोणीतरी विचारलं होतं, कल्याणहून माळशेजला जायला सकाळची गाडी कोणती. खाली एकाने बेधडक चुकीची वेळ ठोकून दिली होती. काकांचा जीव वरखाली झाला. "अगो, हा मानूस स्टँडवर बसून राहील ना! पुस, पुस ते!"

"मला नाही पुसता येत काका. दुसऱ्याने लिहिलंय."

"मग खाली आपलं लिव."

मी लिहिलं. नाव काय टाकू विचारलं तर म्हणाले, "टाक काय पन." मी टाकलं 'चौकशीकाका'. अशी ती खिडकी पुन्हा उघडली.

मग रोज दुपारी दोनला, दुकान रिकामं असताना काका हजर. खुर्चीत बसायचं, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसायचा आणि विचारायचं, "किती हायत लायनीत?" साईटवरचे बिनउत्तराचे प्रश्न म्हणजे त्यांची लाइन. मी वाचून दाखवायची, ते सांगायचे, मी इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायची. एक झालं की टेबलावर थाप मारून म्हणायचे, "पुढचा!" पहिल्यांदा झेरॉक्सला आलेला एक माणूस त्या आवाजाने खरंच पुढे सरकला होता.

उलटा प्रश्न तिथेही सुटला नाही. ठाण्याच्या एका बाईंनी विचारलं होतं, बाजारातून शेवळं ही रानभाजी आणली, नवऱ्याचा घसा खाजतोय, काय चुकलं असेल? खाली दहा जणांनी दहा उपाय लिहिलेले. कोणी चिंच सांगे, कोणी आमसूल, एकाने तर डॉक्टर सुचवला. काकांनी लिहायला सांगितलं, "विकणारीनं बरोबर काकडं दिली होती का?" बाईंचं उत्तर आलं, "हिरवी छोटी फळं ना? ती मी खराब समजून टाकून दिली." काका कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "बघ! शेवळाची खाज काकडाबिगर जात नाय, ते आमच्या मुरबाडच्या बाईनं पदरचं दिलं आनि हिनं कचऱ्यात टाकलं." पण लिहायला लावलं ते वेगळंच. "ताई, चूक तुमची नाय. देणारीनं सांगायला पायजे होतं." असे ते होते. राग मला ऐकवायचे आणि गोडवा त्या परक्या बाईला.

आणखी एक सवय होती, तिच्यावरून मी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला. माहीत नसलं की ते तसं लिहायला लावायचे. 'मला माहीत नाही. वनखात्याच्या ऑफिसात विचारा.' साईटवरची मंडळी टिंगल करायची, काका, माहीत नाही तर लिहिता कशाला? मीही म्हणायची, "खरंच, कशाला हो? वीज जायच्या आत दोन उत्तरं जास्त होतील."

"असू दे गो," ते म्हणायचे. "खिडकीत मानूस हाय, एवढं तरी त्याला कळू दे."

मतंही द्यायचे, आणि खणखणीत द्यायचे. मुलीला हॉस्टेलला ठेवावं का, म्हाताऱ्या वडिलांना शहरात आणावं का, सगळं लोक त्यांना विचारायला लागले. एकाने विचारलं, वडील गाव सोडत नाहीत, काय करू? काकांचं उत्तर मला अजून पाठ आहे. "त्यांना विचारलंत का, की सोडायला सांगितलंत?" पुढे महिनाभर त्या माणसाचा पत्ता नव्हता. मग त्याने लिहिलं, विचारलं, आता दोन महिने इथे आणि दहा महिने तिथे असं ठरलंय. तेव्हा काकांनी मला भजी आणायला पिटाळलं होतं.

आता ती सिद्धगडची गोष्ट. ती सांगायलाच हवी, कारण त्यात माझेही हात आहेत.

मे महिना होता. तीन वाजता वीज जाणार हे ठरलेलं आणि लाइनीत अकरा जण. एकाने विचारलं होतं, सिद्धगडाला जायची जवळची वाट कोणती? गडाच्या पायथ्याला काकांचं आजोळ. तिथला दगड न् दगड ओळखीचा. ते भराभर सांगत गेले, मी भराभर बडवत गेले. 'वाडीच्या मागे ओढा आहे, कोरडाच असतो, तो ओलांडा, पलीकडे जवळची वाट लागते.' पुढचा! ना त्यांनी विचारलं, कधी निघताय. ना मला सुचलं.

ऑगस्टमध्ये, तीन दिवस झड लागलेली असताना, दुपारी दोनला मी साईट उघडली. त्या जुन्या उत्तराखाली कोणा भलत्याच माणसाने आदल्या दिवशी लिहिलं होतं. 'काका, तुमच्या माहितीप्रमाणे आम्ही बँकेतले चौघे उद्या पहाटे निघतोय. धन्यवाद.'

मी वाचलं आणि काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग म्हणाले, "वढा भरला आसंल गो." आणि उठून उभे राहिले. सगळ्या गाड्यांच्या वेळा ज्या माणसाच्या तोंडावर, त्याने मला विचारलं, "गाडी कधी हाय?"

मी शटर ओढलं. गाडीची वाट बघायला वेळ नव्हता, ओळखीच्या जीपवाल्याला उभा केला. वाटेत काका एकच बोलत राहिले. "खिडकीत सांगितलेलं त्या मानसाबरोबर निघून जातं. हे तिथंच बसून राहतं, मला कसं कळलं नाय?" मी म्हटलं, "काका, मला तरी कुठे कळलं? टाइप तर मी केलं." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

जीप जिथपर्यंत गेली तिथपर्यंत गेलो, पुढे चिखलातून पायी. ओढ्याचा आवाज वाडीच्या अलीकडूनच कानात भरला. मला तर रडूच फुटलं. पहिल्याच घराशी पोचलो आणि बघतो तर काय, पडवीत चार शहरी माणसं चुलीजवळ मोजे वाळवत नाचणीची भाकरी खात बसलेली!

त्या घरची ठाकरीण आजी भाकऱ्या थापत होती. तिने सकाळीच या चौघांना हटकलं होतं. "कशाला जातास? आता?" त्यांनी माझ्या टायपिंगचा छापील कागद तिच्यापुढे धरला. बघा, यात लिहिलंय, ओढा कोरडा असतो. ती म्हणाली, "तुमी वाचलाव. वढ्याला कुठं वाचता येतंय?" आणि हाताला धरून आत बसवलं.

हे ऐकून काका पडवीच्या कडेवर बसले. म्हणाले, "ते मी लिवलंय." चौघे आनंदाने उठलेच. "तुम्ही चौकशीकाका?" एक जण पाया पडायला वाकला, तर काकांनी पाय मागे ओढले. तो म्हणाला, "काका, चूक आमची. पावसात यायचं तर आम्ही पुन्हा विचारायला हवं होतं."

"तुमी इचारलं नाय ते तुमचं," काका म्हणाले. "मी इचारलं नाय ते माझं."

आजीने त्यांच्याही पुढे भाकरी सरकवली. त्यांनी ती खाल्ली नाही, कमरेच्या रुमालात बांधून घेतली.

मला वाटलं, आता म्हातारा परत दुकानात येत नाही. दुसऱ्या दिवशी दोनला हजर. "किती हायत लायनीत?" असं न विचारता म्हणाले, "पयल्यापासून काढ. सगळी." जुनी उत्तरं पुसता येत नव्हती. मग प्रत्येकाच्या खाली आम्ही एक ओळ टाकत गेलो. 'हे उत्तर अमुक महिन्यातलं आहे. तुम्ही कधी निघताय?' गाड्यांची उत्तरं, वाटांची, शेवळांचीसुद्धा. पावसाळा संपून दिवाळी आली तरी ते काम चालूच होतं. माझी बोटं दुखायची, मी कुरकुरायची, पण एक ओळ चुकवू दिली नाही त्यांनी. तोपर्यंत एका बोटाने ते स्वतःही टाइप करायला शिकले. माझ्यावर भरवसा नव्हता, असं मी चिडवायची.

त्यानंतर तीनेक वर्षं गेली आणि काका आजारी पडले. कल्याणच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा आवाज पार खोल गेला होता. मला बघून डोळे उघडले. "किती हायत लायनीत?"

"कोणी नाही काका. सगळी लाइन संपली." खरं तर सात जण होते.

"खोटं बोलतेस गो," ते म्हणाले आणि डोळे मिटून हसले. चार दिवसांनी गेले.

पुढे महिनाभर मी ती साईट उघडलीच नाही. धीर होत नव्हता. उघडली तेव्हा सिद्धगडच्या त्या उत्तराखाली, 'तुम्ही कधी निघताय?' या ओळीच्या खाली, कोणीतरी उत्तर दिलं होतं. 'काका, आम्ही दोघी बहिणी येत्या रविवारी. चालेल ना?' डिसेंबर होता. ओढा उतरलेला असणार. तरी मी आधी जीपवाल्याकरवी वाडीत आजीला विचारून घेतलं. मग लिहायला बसले. 'काका आता नाहीत. मी त्यांची टायपिंगवाली. ओढा उतरलाय, पण शेवाळ आहे. तुमच्यापैकी याआधी गड कोणी चढलंय का? आणि परत आल्यावर एक ओळ नक्की लिहा.'

सोमवारी दुपारी दोनला दोन शब्द आले होते. 'पोचलो. परतलो.'

मी रडले, अगदी ढसाढसा. मग पदराने डोळे पुसले, काकांच्या खुर्चीवर बसले आणि टेबलावर जोरात थाप मारली.

"पुढचा!"

झेरॉक्सला आलेली एक बाई दचकून पुढे झाली. मी तिला विचारलं, "कशाला काढायचीये?"