बाईंच्या खुर्च्या

कुणाला कुठे बसवावं, हे आमच्या बाईंइतकं पृथ्वीच्या पाठीवर कुणालाच कळलं नसेल. आधी नाटककार, मग आमदार, मग कुठल्याशा थंड देशात राजदूत आणि शेवटी पेणला एकट्या. त्यांच्या पहिल्या नाटकात मी भालदार होतो. वाक्य एकही नव्हतं, पण अक्षर बरं म्हणून पुढची सगळी नाटकं मीच उतरवून काढली. बाईंच्या संवादांत विराम फार. तीच खोड त्यांनी विधानसभेत नेली, आणि एका झकास विरामात अध्यक्षांनी पुढच्या सभासदाचं नाव पुकारलं! "माझं वाक्य अजून तिथंच लटकतंय," असं त्या सांगत. परदेशात मात्र त्याच विरामांना मुत्सद्दीपणा म्हणून वाखाणलं गेलं. येताना त्यांनी एक सवय आणली, खुर्चीवर पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी ठेवायची. नव्वदनंतरची ती वर्षं. रविवारी मी रोह्याहून जायचो. चहाला दोघंच, तरी माझ्या खुर्चीवर माझी चिठ्ठी. एकदा मी शेजारच्या खुर्चीत टेकलो.

"ऊठ. ती मंत्र्यांची."

"कुठल्या?"

"येतील कुणीतरी."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

मग त्यांनी कित्येक वर्षांनी नाटक लिहिलं. मुंबईत कुणी विचारेना, म्हणून अंगणातच वाचायचं ठरलं. "एवढं एक लोकांनी ऐकलं की मी सुटले," म्हणाल्या. मला उतरवायलाही दिलं नाही. आधी ऐक म्हणे! तीस खुर्च्या मांडायच्या होत्या. आमदार, सभापती, डॉक्टर, मुख्याध्यापक अशा तीस चिठ्ठ्या मी लिहिल्या. शिवाय दूधवालीकडून गावभर निरोप गेला, सगळ्यांनी या.

वाचन पाचला होतं. रोह्याजवळच्या धाटावला माझी कंपनीतली शिफ्ट सुटल्यावर निघालो, तर गडबजवळ एस.टी. बंद पडली. पोचायला सहा वाजले. खुर्च्या तिसाच्या तीस रिकाम्या, आणि कुंपणाबाहेरून मिठागरावरच्या चाळीसेक बायका परत निघालेल्या.

"बसला का नाही तुम्ही?"

"नावं हायत दादा त्यांवर. आमचं कुठं हाय? बाई हाक मारतील म्हणून उभ्या होतो. बाई आल्या, खुर्च्यांकडं बघितलं नि आत गेल्या."

लांबचा चष्मा बाई चारचौघांत लावत नसत. कुंपणाबाहेरचं त्यांना दिसलंच नव्हतं. चिठ्ठ्या तर माझ्याच हातच्या.

आत बाई वही मिटून बसल्या होत्या. "कुणी आलं नाही रे."

मी सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी चिठ्ठ्यांशिवाय बोलावू, असंही म्हणालो.

"तासभर उन्हात उभं केलं मी त्यांना. आता कुठल्या तोंडानं बोलावू?" बाई थांबल्या. "कोण कोण होतं? नावं सांग."

मला दोघींचीच ठाऊक होती. ती सांगितली.

"आणखी?"

ती वही बाईंनी पुन्हा उघडली नाही, मलाही दिली नाही. पुढे बाई गेल्या. ते नाटक कशावर होतं, हे मला आजही सांगता येत नाही.